सोळा मिलिमीटर

हौद रोज सोळा मिलिमीटर कमी होत होता. पंधरा नाही, सतरा नाही. ऊन असो, ढग असो, रविवार असो, सोळा. इतकी नियमित वस्तू मी आयुष्यात दुसरी पाहिलेली नाही, आणि त्यात मी स्वतःही आलो.

माझं काम पाण्याचं. पंप, पाइप, व्हॉल्व्ह, आणि पाणी जिथे जायला नको तिथे का गेलं हे लोकांना समजावून सांगणं. त्या बागेत मला चिकटवलं माझ्या मामाने. मामा दगडाचं काम करतो. दीड पुरुष उंच भिंतीच्या आत असलेली ही जुनी बाग चाळीस वर्षं कुलपात होती. झाडं माजली होती, मधला हौद मातीने भरला होता. ती पुन्हा होती तशी करायची असं एका संस्थेने ठरवलं आणि हौद मामाच्या वाट्याला आला. दोन वर्षं तो त्या हौदात बसून होता. मामा त्रेसष्ट वर्षांचा आहे, जिना चढताना त्याचे गुडघे त्याच्याआधी वर पोचल्याचं ऐकू येतं, आणि ‘हे माझं शेवटचं काम’ असं तो या वेळी खरंच म्हणत होता. याआधी तो ते चार वेळा खोटं म्हणाला होता.

हौद गोल आहे, चार मीटर रुंद. मध्ये कलंडलेला दगडी रांजण. त्यातून पाणी हौदात पडतं, पंप ते उचलून पुन्हा रांजणात नेतो, तेच पाणी फिरत राहतं. काठाला आठ दगडी बैठका आणि त्यांवर बसलेली सात दगडी माणसं. खऱ्या माणसाएवढी, पाण्याकडे वाकलेली, तोंडं उघडी. संस्थेच्या माहितीपत्रकात ती गाताहेत असं छापलंय. मामाच्या मते ती हसताहेत. मला विचाराल तर चमच्याने औषध घेताना माणूस जसा आ करतो तशी ती दिसतात, पण मला कोणी विचारलं नाही.

आठवी बैठक रिकामी. मामा तिच्यावर बसायचा, दगड घडवायला, डबा खायला आणि मला शिव्या द्यायला. बसून बसून तो दगड मध्ये खोलगट झाला होता, मामाच्या कितीतरी आधीपासून. “माझ्याच मापाचा आहे बघ,” तो म्हणायचा.

शनिवारी उद्घाटन होतं. सोमवारी सकाळी बाई आल्या.

बाई म्हणजे बागेच्या व्यवस्थापक. पाठीमागे सगळे त्यांना सूचनाबाई म्हणतात. बागेत एकशे बारा झाडं आहेत आणि एकशे चाळीस पाट्या. ‘कृपया गवतावर चालू नये.’ ‘कृपया फुले तोडू नयेत.’ एका बाकाला ‘कृपया येथे बसावे’ अशी पाटी आहे, त्यामुळे घाबरून तिथे कोणी बसत नाही.

“हौद गळतोय,” बाई म्हणाल्या.

“माझा हौद गळत नाही,” मामा बैठकीवरून म्हणाला.

“पाणी कमी होतंय ना?”

“पाणी कमी होतंय. हौद गळत नाही.”

“मग दोनशे लिटर पाणी रोज जातं कुठे?”

मामाने माझ्याकडे बोट दाखवलं. “इंजिनियरसाहेबांना विचारा. दोन वर्षं कोर्स केलाय त्यांनी. फी मी भरली.”

बाईंनी मला एक फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता, ‘गळतीचे कारण’, आणि खाली माझ्या सहीची जागा. शुक्रवारी दुपारपर्यंत कारण लिहून द्यायचं. नाही दिलं तर सोमवारी तळ फोडायचा आणि खाली रबराची चादर अंथरायची. माणसं सांगून ठेवली होती. आणि कारण नाही म्हणजे काम सदोष, असं अहवालात जाणार.

“रबर?” मामा म्हणाला. त्याच्या लेकीला लग्नात कोणी रेनकोट घालायला सांगावा तसा तो शब्द त्याने उच्चारला. तळाची एकेक लादी त्याने हाताने घडवली होती. दोन लाद्यांच्या मध्ये पत्त्याचं पान जात नाही, हे तो येणाऱ्या प्रत्येकाला पत्ता काढून दाखवायचा. खिशात खास त्यासाठी चौकटची दुर्री ठेवलेली.

बाई गेल्यावर त्याने माझ्या हातातल्या फॉर्मकडे एकदा बघितलं. मग पाण्याचा पाच लिटरचा कॅन तोंडाला लावला आणि अर्धा करून खाली ठेवला.

“मामा, पितोयस की साठवतोयस?”

“दगडाची धूळ घशात बसते. तुला काय कळणार, तू ओल्यातला माणूस.”

गळती शोधायची आमची एक अडाण्यातली अडाणी पद्धत आहे. बादली. हौदाच्या पायरीवर बादली ठेवायची, आत हौदाचंच पाणी, बाहेर जेवढं तेवढंच. दोन्हीकडे पेन्सिलने खूण करायची आणि एक दिवस थांबायचं. उन्हाने पाणी उडालं तर दोन्हीकडे सारखं उडतं. बादलीपेक्षा हौद जास्त उतरला तर हौद गळतो. आजवर या बादलीने मला कधी फसवलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी हौद सोळा मिलिमीटर उतरला होता. बादलीही सोळा.

“बघ!” मामा ओरडला. “गळत नाही! ऊन आहे!”

“मामा, एवढं ऊन पडलं असतं तर आपण दोघं भाजून निघालो असतो.”

“तुझ्या बादलीनेच सांगितलं ना? का आता बादलीपण माझी नातेवाईक?”

मी बादलीला घट्ट झाकण लावलं. झाकणावर वीट ठेवली. विटेवर दुसरी वीट ठेवली, राग आला होता म्हणून. पंप बंद केला, सगळे व्हॉल्व्ह बंद केले, पाइपात हवा भरून दाब तपासला. काटा हलला नाही. पाइप ठणठणीत होते. एकूण त्या बागेत मी सोडून सगळं ठणठणीत होतं.

बुधवारी हौद सोळा. झाकलेली बादली सोळा.

मी बादली उलटी करून बघितली, उन्हाकडे धरून बघितली, तिच्या बुडाशी तोंड नेऊन हलक्या आवाजात काही शब्द बोललो, जे इथे लिहिता येणार नाहीत. मग नवी बादली आणली. मामा बैठकीवर बसून हे सगळं बघत होता आणि पीत होता. दुपारपर्यंत दुसरा कॅन संपला. त्याचे ओठ भेगाळले होते.

संध्याकाळी मामीचा फोन आला. “तुझ्या मामाचं काय चाललंय रे? घरी आले की नळाखालीच उभे राहतात. साखर तपासली, काही नाही.”

“धूळ बसते म्हणतो घशात.”

“बसू दे. पण मला एक सांग,” मामी जरा अडखळली. “एवढं पाणी पितात, आणि दोन दोन दिवस बाथरूमला जात नाहीत. जातं कुठे ते?”

हा प्रश्न मला त्या आठवड्यात दुसऱ्यांदा विचारला गेला होता.

बुधवारी निघण्याआधी मी हौदात हिरवा रंग ओतला. हा आमचा शेवटचा उपाय. निरुपद्रवी असतो, पण एवढा हट्टी की पाणी जिथून बाहेर पडेल तिथे रंग दिसतोच. नाल्यात, तळघरात, शेजाऱ्याच्या भिंतीवर. गुरुवारी सकाळी मी भिंतीबाहेरचा नाला बघितला, बागेतले पाचही चेंबर उघडले, मातीत चार ठिकाणी खड्डे घेतले. हिरवं काही नव्हतं. झाडं होती, पण ती आधीपासून हिरवी होती.

मग मी हौदाच्या काठावर टेकलो आणि समोरच्या दगडी माणसाकडे नजर गेली. त्याचा खालचा ओठ आतून हिरवा होता.

मी उठून पुढच्याकडे गेलो. त्याचाही. सातही जणांचे ओठ हिरवे, बोट लावलं तर ओले. पंप मंगळवारपासून बंद, म्हणजे तुषार उडायचा प्रश्न नव्हता. आणि पाणी त्यांच्या तोंडापासून दीड हात खाली होतं.

अशा वेळी शहाणा माणूस घरी जातो. मी गाडीतून कॅमेरा आणला.

तुंबलेल्या गटारात सोडायचा कॅमेरा असतो, लांब वायरच्या टोकाला, लिंबाएवढा. मी तो पहिल्या पुतळ्याच्या तोंडात सरकवला. मागे पाइप असणार, जुन्या काळी या तोंडांतून कारंजं उडत असणार, तो पाइप फुटला असणार, असा माझा हिशोब. पडद्यावर दगड दिसला, दगडाचा घसा दिसला. पाइप नव्हता. एक मीटर वायर आत गेली. पुतळा बसलेला, त्याची उंची जेमतेम सव्वा मीटर, खाली अख्खा खडक. दोन मीटर गेली. पाच गेली. अकरा मीटरवर मी थांबलो, कारण वायर मी ढकलत नव्हतो. ती जात होती.

मी ओढली. क्षणभर कोणीतरी धरल्यासारखी ती ताठ झाली, मग सैल सुटून आली. कॅमेरा कोमट होता. आणि पूर्ण कोरडा.

“मामा,” मी म्हणालो, “या तोंडांत काही होतं का?”

मामाने कॅन खाली ठेवला. “होती की. बुचं. शिशाची. ठोकून बसवलेली.”

“कुठे गेली?”

“काढली मी. वसंतात.”

“कोणाला विचारून?”

“विचारायचं काय त्यात? कोण्या आळशी प्लंबरने कारंजं दुरुस्त करायचं सोडून तोंडं बुजवून टाकली. बघूनच कळतं. मूर्खाचं काम!”

कोणत्याही कामावर पोचल्यावर आम्ही पहिलं वाक्य तेच म्हणतो: हे कोणी केलंय? आधीच्या कारागिराला चार शिव्या घातल्याशिवाय आमचे हात चालत नाहीत. आधीच्याला काही माहीत असेल, ही शंका आम्हाला शिवत नाही. मीही शंभर ठिकाणी हेच केलंय. पण तिथे पुढच्या हंगामात फार तर टाकी वाहते.

मामा काही फेकत नाही. पंपाच्या खोलीतून त्याने बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. प्रत्येक बूच वेगळ्या कागदात गुंडाळलेलं, कागदावर त्याच्या अक्षरात क्रमांक आणि ‘काढलं’ म्हणून तारीख. खाली ‘बसवलं’ असंही लिहून जागा सोडलेली. त्याची सवयच ती. काढलेली वस्तू परत बसवायची वेळ येतेच, असं तो मला दहा वर्षं शिकवत होता.

मी कागद मांडले. आठ होते.

“पुतळे सात आहेत, मामा.”

“सातच आहेत.”

“मग हे आठवं कुठलं?”

त्याने तो कागद हातात घेतला. क्रमांक होता, आठ. ‘काढलं’च्या पुढे काही लिहिलेलं नव्हतं. मामाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“आठवत नाही,” तो म्हणाला. त्याच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले.

गुरुवारी दुपारी आम्ही सात बुचं परत बसवली. मी पुतळ्यांची डोकी धरायचो आणि मामा लाकडी हातोड्याने ठोकायचा. त्याने एकदाही शिवी दिली नाही. जुनं बूच आपल्या जागी इतकं अचूक बसत होतं की तो मध्येच थांबून म्हणाला, “कोण होता रे हा? चांगला होता.”

सातव्याचं डोकं माझ्या हातात होतं तेव्हा हातोड्याच्या शेवटच्या घावाआधी दगडाच्या आत काहीतरी गिळल्यासारखं झालं. माझ्या अंगठ्याखाली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मामाने शेवटचा घाव घातला.

शुक्रवारी सकाळी हौद दोन मिलिमीटर उतरला होता. झाकण लावलेली बादलीही दोन.

बाई पट्टी घेऊन आल्या होत्या. “शून्य का नाही?”

“बाई, चौदा मिलिमीटर थांबवले. दोन तर उन्हानेही जातात.”

“कालपासून आभाळ आहे.”

“आभाळातून ऊन...”

“मी उद्या सकाळी सात वाजता स्वतः मोजणार. शून्य असेल तर तुमचा फॉर्म घेते. नाहीतर सोमवारी रबर.” जाताना त्या मामाकडे वळल्या आणि नरमाईने म्हणाल्या, “तुमचं नाव खराब व्हावं असं मला वाटत नाही हो. पण माझ्या डोक्यावरही कोणी आहे.”

मामा आठव्या बैठकीवर बसला होता. पुढे वाकलेला, पाण्याकडे बघत. कॅन त्याच्या पायाशी रिकामा पडला होता.

“दोनच राहिले ना?” त्याने विचारलं.

“दोन.”

“सोळाचा आठवा भाग.”

“हो, पण मामा, तो योगायोग...”

“तुझा कोर्स वाया गेला,” तो हसला आणि भेगाळलेल्या ओठातून रक्त आलं. ते त्याने जिभेने टिपलं, घाईने, तहानेल्यासारखं. “जा, तू पंपाचं नवं सील घेऊन ये. शनिवारी आवाज नको. इथलं मी बघतो.”

“काय बघणार?”

“हौद माझा आहे ना? मग.”

भर दुपार होती. मी गेलो. दुकानात ते सील नव्हतं, दुसऱ्या दुकानात चुकीचं होतं, तिसऱ्यात दुकानदार जेवायला गेला होता. आठवडाभर माझं जे चाललं होतं त्याला धरूनच. पाच वाजता परतलो तर मामा घरी निघून गेला होता. बैठकीवर लाकडी हातोडा ठेवला होता, नीट पुसून.

शनिवारी सकाळी सात वाजता बाईंनी पट्टी लावली. पाणी खुणेवर होतं. त्यांनी तीनदा मोजलं. मी बादलीचं झाकण उघडलं. खुणेवर.

“शून्य,” बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मला त्यांचे दात दिसले. “कारण काय लिहिताय?”

मी लिहिलं: ‘आढळले नाही.’ सही केली. मग म्हणालो, “बाई, एक पाटी लावाल? पुतळ्यांच्या तोंडातली बुचं कोणी काढू नयेत म्हणून.”

पाटी म्हटल्यावर बाईंनी कारण विचारलं नाही. अर्ध्या तासात ती लागली. ‘कृपया तोंडे उघडू नयेत.’

तेवढ्यात मामीचा फोन आला. “काल काय बोललास तू त्यांना?”

“मी? काही नाही.”

“काल आले तेव्हापासून शब्द नाही. जेवले नाहीत. रात्री घोरलेही नाहीत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला झोप लागली नाही, घर एवढं शांत.”

“आणि पाणी?”

“थेंब नाही. विचारलं तर नुसती मान हलवतात. आत्ता तिकडेच निघालेत, नवा शर्ट घालून.”

मी पंपाच्या खोलीत गेलो. डबा फळीवर होता. आत आठ कागद, रिकामे, घड्या घातलेले. सात कागदांवर ‘बसवलं’च्या पुढे गुरुवारची तारीख. आठव्यावर शुक्रवारची. अक्षर मामाचंच, वळणदार, जराही न थरथरलेलं.

दहा वाजता लोक आले. रांजण सुरू झाला, टाळ्या वाजल्या. मुलं पाटीसमोर गाल फुगवून, ओठ मिटून फोटो काढून घेत होती.

मामा आठव्या बैठकीवर बसला होता. नवा शर्ट, हात गुडघ्यांवर. बाईंनी माइक पुढे केला, “दोन शब्द बोला.” हा माणूस बसस्टॉपवर अनोळखी लोकांना तासभर चुना कसा मळावा ते सांगतो. त्याने मान हलवली. लोकांना ते फार आवडलं. जुने कारागीर असेच असतात, असं कोणीतरी म्हणालं.

त्याचे ओठ मिटलेले होते. भेगा गेल्या होत्या. दोन ओठांच्या मध्ये एक बारीक करडी रेघ होती आणि ऊन पडलं की ती चमकत होती.

“मामा,” मी जवळ बसून म्हणालो, “घरी जाऊ या. ते काढून टाकू. रबर घालू देत त्यांना.”

त्याने माझ्या मांडीवर थोपटलं. मग खिशातून चौकटची दुर्री काढून माझ्या हातात दिली.

बाईंनी त्याच्यासाठी कागदी पेल्यात पाणी पाठवलं. तो पेला मी आमच्या दोघांच्या मध्ये दगडावर ठेवला आणि कानावरची पेन्सिल काढून आतल्या बाजूला खूण केली. सवय, दुसरं काय.

बाग बंद होईपर्यंत मी तिथेच होतो. ऊन लख्ख होतं, वाराही होता.

पाणी खुणेवर होतं.